शेवटच्या बस्करपट्टीवरचे आबा

पासष्टीचा माणूस भर वर्गात करंगळी वर करून “बाई, जाऊ का?” असं विचारतो, तेव्हा हसायचं की रडायचं? मी पहिल्या दिवशी हसले. आबांना त्याचं काही वाटलं नाही. मी मान हलवेपर्यंत ते हात तसाच धरून बसले, मग उठले, देवळामागं जाऊन आले आणि शेवटच्या बस्करपट्टीवर पुन्हा मांडी घालून बसले.

ही एकाहत्तर-बाहत्तर सालातली गोष्ट. वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या पायथ्याला, मारुतीच्या देवळात भरणारी चौथीपर्यंतची शाळा, आणि चारी इयत्तांना मिळून मी एकटी. भोरची पोरगी, वय बावीस. आधीचे दोन मास्तर बदली करून घेऊन पळाले, म्हणून ही बाई आमच्या पदरात पडली, असं सरपंचांनी मला तोंडावर सांगितलं. पोरांना मास्तरच पाहिजे, बाईला ती जुमानायची नाहीत, हेही सांगितलं. आणि मेली खरंच जुमानायची नाहीत! मुली पाचच, पण पाढे घडाघडा म्हणायच्या. मुलगे चौदा, त्यांना वाटलं की उठायचे आणि रानात पसार व्हायचे, ते दुसऱ्या दिवशीच उगवायचे. त्यातला दगडू तेरा वर्षांचा, चौथीत दोनदा नापास झालेला. शिकायचं नाही का रे, म्हणून विचारलं, तर आम्हाला मुंबईलाच जायचंय म्हणाला. खोटं काय होतं त्यात? गावातले सगळे बाप मुंबईला. शिमग्याला चार दिवस यायचे आणि जायचे. हातात पुस्तक धरलेला घरचा पुरुष त्या पोरांनी जन्मात बघितला नव्हता.

आबा तीस वर्षं मुंबईच्या गोदीत हमाली करून गावी परतलेले. बायको गेलेली, लेक तिकडंच. देवळासमोर त्यांचं घर होतं, आणि दिवसभर ते पडवीत बसून शाळेकडं बघत असत. त्यांच्या वयाचं बोलायला गावात उरलं होतं कोण? एक दिवस देवळाच्या पायरीशी येऊन म्हणाले, मागं बसतो, बोलणार नाही. बसू दे बिचारे, असं मला वाटलं. शाळा सुटली की दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्याशीही कुणी बोलत नसे. त्या एकटेपणाची चव मला चांगली ठाऊक होती.

मग आबांनी पाटी आणली. पक्के अंगठाबहाद्दर, पण पहिलीतल्या पोरीच्या शेजारी बसून ग, म, भ गिरवायला त्यांना लाज वाटली नाही. चुकलं की थुंकी लावून पुसायचे आणि मी ओरडायचे. पोरांना मोठी मौज वाटे. पण आठवडाभरात काय झालं, तर दगडूनं करंगळी वर केली. मी गारच पडले. तो गेला आणि चक्क परत आला! मी सुटीत आबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, “जायाला काय, कुनीबी जातंय. परत याया पायजे, बाई.”

हजेरीत आबांचंही नाव पाहिजे, असा दगडूनं हट्ट धरला. मी हजेरीपटाच्या तळाला पेन्सिलीनं लिहिलं. नाव घेतलं की आबा बोटीवरून हाळी दिल्यासारखे “हजर!” म्हणायचे आणि शिखरातले पारवे उडायचे. दिवाळीपासून चौदाच्या चौदा मुलगे दुपारनंतरही बसू लागले.

आणि माघात तपासणीला साहेब आले, न सांगता. मागं बोट दाखवून, हे कोण, म्हणून त्यांनी विचारलं. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी म्हणाले, “कुणी नाही साहेब, पाणी प्यायला आलेत.” आणि हजेरीपट पुढं करण्याआधी ते नाव अंगठ्यानं घासून पुसलं. आबा उठले. करंगळी वर केली नाही. कोपऱ्यातल्या माठापाशी गेले, तांब्याभर पाणी प्याले आणि पाटी तिथंच ठेवून निघून गेले. माझं खोटं त्यांनी खरं करून दिलं. पोरं टकामका बघत होती.

संध्याकाळी मी त्यांच्या पडवीत गेले. त्यांनी चहा टाकला. म्हणाले, “मला घालवलं त्येचं काय न्हाई. तुमची नोकरी हाय. पन पोरांनी बघितलं, बाई.”

दुसऱ्या दिवशी दगडू आला नाही. चार दिवसांत आणखी सहा गळाले. मी आबांचं नाव शाईनं लिहिलं. नोकरी जायची तर जाऊ दे म्हटलं. रोज हजेरीच्या शेवटी मी ते मोठ्यानं घेई आणि थांबे. उत्तर येत नसे. पाचव्या दिवशी समोरच्या पडवीतून आलं, “हजर!” दुपारी दगडू येऊन मुकाट्यानं आपल्या जागेवर बसला. मग बाकीचेही आले. आबा मात्र पुन्हा देवळात पाऊल टाकायला तयार झाले नाहीत. मी दोनदा बोलवायला गेले, पाटी नेऊन दिली. त्यांनी ती ठेवून घेतली. तिथूनच हजेरी देत राहिले, आणि मला तेवढ्यावर समाधान मानावं लागलं.

निकालाच्या दिवशीही मी हजेरी घेतली. दगडू पास झाला होता, आणि ते आबांना ऐकू जाईल अशा बेतानं मला सांगायचं होतं. शेवटी आबांचं नाव घेतलं. पडवी गप्प. पुन्हा घेतलं. तेव्हा दगडू उभा राहिला.

“बाई, आबांस्नी लेकानं मुंबैला नेलं, सकाळच्या यष्टीनं. म्हनलं, बाईस्नी सांग, हजेरीच्या टायमाला म्या यष्टीत हजर म्हनतो.”

मी घड्याळ बघितलं. गाडीनं नसरापूर मागं टाकलं असेल. मी आबांची हजेरी लावली. नोकरीत केलेली ती एकच खोटी नोंद, आणि तिचं मला आजही काही वाटत नाही. लाज वाटते ती त्या पुसलेल्या नावाची.

दगडूला पास झाल्याचं सांगितलं. तो हसला नाही. करंगळी वर करून उभाच राहिला. मी मान हलवली. देवळामागं बराच वेळ होता. मग तोंड धुऊन परत आला आणि शेवटच्या बस्करपट्टीवर, आबांच्या जागेवर जाऊन बसला.