शेवट न सांगण्याची रीत

नवरा गेल्यावर दीड महिन्याने संपादकांचा फोन आला. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी त्यांच्या रविवारच्या पुरवणीत पुस्तकांची परीक्षणं लिहीत होते. प्रवासवर्णनं, आत्मचरित्रं, बागकामाची पुस्तकं, येईल ते. त्यांनी रीतसर सांत्वन केलं, जरा घुटमळले आणि म्हणाले, "एक कादंबरी पाठवतोय. नवरा गेलेल्या बाईची आहे. तिला तुम्हीच न्याय देऊ शकाल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाय मोडलेल्याला कुणी चपलांच्या दुकानात नेऊन बसवतं का? पण कादंबरी आली, मी ती वाचली आणि तिच्यावर लिहिलंही, कारण दुपारी घरात करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

तेव्हापासून मराठी कादंबरीत कुणी मेलं की कुरिअरवाला पनवेलला माझ्या दाराशी येतो. चार वर्षांत माझ्याकडे 'अभिप्रायार्थ सप्रेम' असा शिक्का मारलेले इतके मृत्यू जमले की दिवाणखान्यातलं कपाट पुरेना. त्यातले बरेचसे एकाच साच्यातले. पहिल्या प्रकरणात माणूस जातो, मग भावंडं घराच्या वाटणीवरून भांडतात, कुणाला तरी जुनी पत्रं सापडतात आणि शेवटी सगळे गच्चीत बसून चहा पितात. झालं दुःख बरं. मलपृष्ठावर 'मनाच्या जखमा भरून काढणारी' असं छापलेलं असतं. मी चार वर्षं रोज दोन वेळा चहा पितेय. मला नवऱ्याची आठवण पहिल्या दिवशी यायची तेवढीच येते.

माझी वाचायची एक खोड आहे, ती आजवर मी कुणाला सांगितली नव्हती. पुस्तक हातात आलं की मी आधी शेवटचं प्रकरण वाचते. नवरा रात्री जेवून धडधाकट झोपला आणि सकाळी उठला नाही. तेव्हापासून काय होणार हे माहीत नसताना पुढे जाणं मला जमत नाही. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, तसं. परीक्षणात मात्र मी शेवट कधी सांगत नाही. आमच्या कामात ती जुनी रीत आहे आणि मी ती फार कडकपणे पाळायची. कुणी फोन करून विचारलंच, तर "वाचा की स्वतः" म्हणून झटकून टाकायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

मी अजून हाताने लिहिते. लिहिलेले कागद बाजारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात नेऊन द्यायचे, दुकानदार ते स्कॅन करून संपादकांना ईमेल करतो. चाळिशीचा, शांत, टोपी घालणारा माणूस. मोहल्ल्यात राहतो, घरचे मूळ उरणकडचे. माझं अक्षर लावता लावता तो परीक्षणं वाचू लागला. "मॅडम, या वेळी लेखकाला फार धुतलंत," असं म्हणून हसायचा. माझा पहिला वाचक तोच. छापून आलेलं परीक्षण कापून तो घरी न्यायचा, त्याच्या अम्मासाठी. अम्मा मराठी शाळेत शिकलेली, सातवीपर्यंत. वाचायची तिला इतकी आवड की सामान बांधून आलेला कागदही वाचल्याशिवाय टाकायची नाही, असं तो सांगायचा.

त्याचा धाकटा भाऊ आखातात एका जहाजावर कामाला होता. तीन वर्षांपूर्वी एका पहाटे तो डेकवर दिसला नाही. दोन दिवस शोधलं, मग कंपनीचं पत्र आलं, समुद्रात पडला असावा. मागोमाग त्याची बॅग आली. तेव्हापासून अम्माने त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. मय्यत नाही, त्यामुळे दफन नाही. अशा वेळी मय्यत समोर नसतानाही जनाज्याची नमाज पढता येते, गायबाना नमाज म्हणतात तिला. घरातल्या सगळ्यांना ती करायची होती. पण अम्मा म्हणायची, माझा मुलगा जिवंत असला तर? जिवंत माणसाची जनाज्याची नमाज पढणार तुम्ही? आईचं मन मोडून करायचं नाही, असं थोरला म्हणून त्याने ठरवलं होतं. हे सगळं त्याने मला एकदा प्रिंटर बंद पडला तेव्हा, दुरुस्त करणाऱ्याची वाट बघत बसलेलो असताना सांगितलं.

यंदा एक कादंबरी आली. पुरात वाहून गेलेला मुलगा आणि त्याची आई. साधी भाषा, रडारड नाही, गच्चीतला चहा तर नाहीच नाही. नेहमीप्रमाणे शेवट आधी वाचला. सात वर्षांनी एका दुपारी आई तांदूळ निवडत असते, दारात सावली पडते, ती मान वर करते, आणि मुलगा. कुठे होता, कसा आला, एक अक्षर नाही. मी त्या पानावरून हात फिरवत बसून राहिले. इतकं चांगलं बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं. परीक्षण भरभरून लिहिलं आणि शेवटी नेहमीची चतुराई केली: 'आईच्या वाट पाहण्याचं काय होतं ते इथे सांगणं हा वाचकाचा अपमान ठरेल.'

कागद स्कॅन करताना त्याने हे वाक्य दोनदा वाचलं. मग म्हणाला, "मॅडम, एक विचारू? अम्मा तयार झालीय. येत्या ईदनंतरच्या जुम्याला नमाज करायचं ठरलंय. हळूहळू सावरतेय. काल तीन वर्षांनी पहिल्यांदा पुस्तक मागितलं तिने. हे देऊ का?"

"द्या की. माझीच प्रत देते."

"पण यात तो मुलगा परत येतो का?"

"ते नाही हं सांगायचं," मी म्हणाले.

"माझ्यासाठी नाही, अम्मासाठी विचारतोय."

मी हसले. "अम्मांनाही शेवटपर्यंत वाचू द्या. चांगलं पुस्तक कुणाचं वाईट करत नाही."

त्याने मान डोलावली आणि पुस्तक पिशवीत ठेवलं. माझा शब्द त्याच्या लेखी मोठा होता. दुसऱ्याच्या घरातलं दुःख समोर उभं होतं आणि मी त्याच्याशी वाचक म्हणून बोलत होते. आज ते हसू आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

ईद झाली. त्यानंतरचे दोन शुक्रवार गेले. मी पुढच्या परीक्षणाचे कागद घेऊन दुकानात गेले आणि सहज विचारलं, "नमाज झाली का?"

त्याने कागद यंत्रात लावले. "नाही झाली. उरणहून मामू, खाला सगळे आले होते. अम्मा सकाळी म्हणाली, नाय करायची. त्या पुस्तकातला सात वर्षांनी आला, माझ्या पोराला तीनच झाली." बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. "आता दिवसभर दाराशी खाट टाकून बसते. दार लावू देत नाही."

यंत्रातून एकेक कागद बाहेर पडत होता.

"तुम्ही नुसतं 'हो, येतो' म्हणाला असतात ना मॅडम," तो म्हणाला, "तर मी दिलंच नसतं."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने नेहमीसारखे कागद मोजून परत दिले, नेहमीसारखं पाणी विचारलं. मी घरी आले आणि कपाटासमोर खुर्ची टाकून बसले. एवढी पुस्तकं, एवढे मेलेले लोक, आणि त्यांच्यावर पानंच्या पानं लिहिणारी मी. एका बाईने तीन वर्षं रडून कसाबसा गाठलेला काठ मी तिच्या पायाखालून काढून घेतला होता.

रविवारी दुपारी त्याच्या घरी गेले. दार सताड उघडं होतं आणि खाटेवर अम्मा बसली होती. बारीक चणीची, डोक्यावर पांढरी ओढणी, मांडीवर ते पुस्तक. त्याला तिने वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं. मुलाने माझी ओळख करून दिली आणि तो चहा करायला आत गेला.

"या बाई," अम्मा म्हणाली. "तुमीच लिवता ना पेपरात? लय चांगलं लिवता. पन शेवट कदी सांगत नाय."

मी म्हणाले, "अम्मा, माझी चूक झाली. हे पुस्तक मी तुम्हाला द्यायला नको होतं."

"का? चांगलं हाय." तिने पुस्तकावर हात ठेवला. "तुमी येवडी पुस्तकं वाचता. तुमाला सगळ्यांचे शेवट ठाऊक. मग सांगा, माझा येईल?"

आत भांड्यांचा आवाज थांबला. मला वाटलं, म्हणावं, अल्लाला माहीत. सगळे तेच म्हणत असणार. पण मी तिथे तेवढ्यासाठीच गेले होते.

"नाही अम्मा," मी म्हणाले. "नाही येणार."

ती रागावली नाही. तिने पुस्तक मांडीवरून खाटेवर ठेवलं. मग म्हणाली, "तुमचे मिस्टर गेले ना? मोठा सांगत होता. त्यांचं तोंड बघितलंत तुमी?"

"बघितलं."

"मग! तुमी बघितलंत म्हणून तुमाला नाय म्हणता येतं. मी काय बघितलं? एक बॅग." तिचा आवाज चढला. "ज्याचं जळतं त्याला कळतं, बाई. कपडे होते त्यात, धुतलेले. त्याचा वासपन नवता."

चार वर्षं मी माझं दुःख सगळ्यात मोठं धरून चालले होते. माझ्याकडे निदान एक चेहरा होता, हे मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

"कसं होतं तोंड?" अम्माने विचारलं.

मला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. लोक विचारायचे ते काय झालं होतं, बीपी होतं का, डॉक्टर लवकर आला का. मी सांगायला लागले. दाढीचे पांढरे खुंट वाढले होते. उजव्या गालावर उशीची घडी उमटली होती. ओठ जरासे उघडे, 'अगं' म्हणायला उघडायचे तेवढेच. डोळे अर्धे मिटलेले, ते मी हाताने मिटवले, आणि पापण्या अजून कोमट होत्या म्हणून मला वेड्यासारखं वाटलं की हा उठेल. सांगता सांगता मी हुंदके देऊन रडू लागले. परक्या घरात, उघड्या दाराशी, येणारेजाणारे बघत असताना. अम्माने माझी समजूत घातली नाही. ती पुढे वाकून ऐकत होती, एखादी गोष्ट पाठ करावी तशी. कपाळ थंड होतं का? केस कुणी विंचरले? मी सगळं सांगितलं. तो चहा घेऊन आला तेव्हा मी पदराने तोंड पुसत होते.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. अम्मा स्वतःहून म्हणाली होती, या जुम्याला करा. आणि त्या बाईंना बोलवा.

शुक्रवारी दुपारी पुरुष मशिदीत गेले. घरात सात-आठ बायका होत्या, कुणी कुराणातलं यासीन पढत होत्या, कुणी नुसत्याच बसल्या होत्या. मला काय करायचं ते माहीत नव्हतं, म्हणून मी डोक्यावर पदर घेऊन एका कोपऱ्यात बसले. अम्माने मला हाताने खूण करून जवळ बोलावलं. तिचा हात माझ्या हातात आला. हाडांचाच होता.

"आता सांगा," ती हलक्या आवाजात म्हणाली.

मला वाटलं, मागचंच पुन्हा हवं असेल. मी सुरुवात केली, "दाढी वाढली होती..."

"त्याला दाढी नीट येत नवती," अम्मा म्हणाली. "कोवळी होती. हनुवटीवर व्रण हाय. जिन्यावरून पडला होता."

मला कळलं. मी त्या मुलाला कधी पाहिलं नव्हतं, त्याचा फोटोही नाही. शेजारच्या बाईने पढणं थांबवलं आणि ती माझ्याकडे बघू लागली. मी अम्माचा हात घट्ट धरला.

"दाढी कोवळी होती," मी म्हणाले. "हनुवटीवरचा व्रण दिसत होता. केस ओले होते, ते कपाळावरून मागे सारले होते. चेहरा शांत होता. कुठे लागलेलं नव्हतं, अम्मा. कुठेही नाही."

"आणि डोळे?"

"थोडे उघडे होते."

"मग?"

"मग तुम्ही मिटवलेत," मी म्हणाले. "तुमच्या हाताने."

अम्माने माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला, तो डोळ्यांसमोर धरला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिने मुलाला नाव घेऊन हाक मारली.