शेवटच्या पानावरचं नाव

मी वर्गाची हजेरी घेतली की दाराबाहेरून एक घोगरा आवाज यायचा, "हजर, बाई!" आणि वर्गातली पोरं खिदळायची. आवाज शिवलालचा. वय साठीच्या पुढे, डोक्याला मळका पटका. माण तालुक्यातल्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत नातीला, चिंगीला, पहिलीत सोडायला तो माळावरून रोज चालत यायचा. उंबरा मात्र त्याने कधी ओलांडला नाही.

"शिवलाल, तुम्हाला कितवीत घालू?" मी एकदा चिडवलं.

"कुठंबी घाला, पर नाव लिवा. सरकारी कागुद हाय ह्यो. उद्या कुणी इचारलं, शिवल्या कुठं हुता, तर कागुद सांगंल."

तो फासेपारधी. इंग्रजांनी कायदा करून त्याची अख्खी जमात जन्मजात गुन्हेगार ठरवली होती. त्याचा बाप तारेच्या कुंपणात जन्मला आणि दिवसातून तीनदा हजेरी देत मोठा झाला. इंग्रज गेले, कायदाही गेला. पण तालुक्यात कुठे काही चोरीला गेलं की जीप अजून आधी पारध्यांच्या पालांकडे वळते. शिवलाल म्हणायचा, "हजेरी हुती तवर आमी कुठं हाय ते त्यास्नी ठावं तरी हुतं. आता कुणालाच ठावं न्हाई, म्हून सगळं आमीच केल्यालं असतंय." हे सांगताना तो हसायचा. मला हसू यायचं नाही.

मी हजेरीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने त्याचं नाव घातलं आणि त्यापुढे रोज खूण करू लागले. खरं सांगायचं तर गंमत म्हणून. तो मात्र मान उंचावून पेन्सिल हलते का ते बघायचा, मगच जायचा. एकदा ओंजळभर बोरं पायरीवर ठेवून म्हणाला, "सरकारला."

मग शाळेची तपासणी लागली. सरकारी हजेरीत भलतंच नाव सापडलं तर माझ्यावर बालंट. आदल्या दिवशी सकाळी शिवलालची खूण केली आणि दुपारी खोडरबरने ते पान साफ केलं. साहेब गेले की पुन्हा लिहू, म्हटलं.

नेमकं त्याच सकाळी, शाळा भरायच्या वेळेला, शेजारच्या वाडीत घर फोडलं होतं. दुसऱ्या दिवशी साहेब समोर बसलेले असताना दोन पोलीस आले. "शिवल्या पारध्याला उचललाय. बाईंच्या हजेरीत नाव हाय म्हणतोय त्यो." त्यांनी शेवटचं पान उघडलं. कोरं.

"काल आला हुता का?"

साहेब माझ्याकडे बघत होते. "कितीतरी पालक येतात," मी म्हणाले, "लक्षात नाही." हे बोलताना मी अडखळलेसुद्धा नाही. त्याची लाज आजही वाटते.

खरा चोर सापडायला दोन महिने लागले. सुटल्यावर शिवलाल काठी टेकत, चिंगीचा हात धरून आला. पूर्वीच्याच जागी उभा राहिला. हजेरी संपली तरी तो काही बोलेना, तेव्हा मीच पुकारलं, "शिवलाल!" या वेळी कुणी खिदळलं नाही.

"न्हाई बाई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तुमी सांगितलं त्येच बरूबर. आमी कुठंच नव्हतो."

मला माफी मागायची होती. पोरांसमोर जीभ रेटली नाही. तो चिंगीला घेऊन आला तसा परत फिरला. दुसऱ्या दिवशी माळावर पालं नव्हती, नुसते चुलीचे काळे दगड होते.

चिंगीचं नाव अजून हजेरीत आहे. मी रोज ते पुकारते, दाराकडे बघते आणि त्यापुढे गैरहजर मांडते. शाईने.