गवराबाईचा पाय

चाकणच्या चौकात धर्माजी मिस्त्रीची पत्र्याची शेड होती, तेव्हा आख्ख्या गावात मोटारी मोजून चार. त्यातली एक माझी. चाकण ते मंचर मी भाड्याने चालवायचो. वऱ्हाडं, बाळंतिणी, आजारी माणसं, जे मिळेल ते. रंगरावाची गाडी म्हणजे जीव मुठीत धरून बसायचं, असं लोक म्हणायचे. ते माझ्या चालवण्यामुळे नाही, तोंडामुळे. माझं तोंड तेव्हाही वाईटच होतं.

धर्माजी लढाईत पलटणीच्या गाड्या दुरुस्त करून आलेला. बोलायला कंजूष. त्याचे नियम दोनच. गिऱ्हाइकाला खोटं सांगायचं नाही, आणि ब्रेकचं काम केलं की पहिल्या फेरीला स्वतः गाडीत बसायचं. मोडलो तर दोघंही मोडू, म्हणायचा.

ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरली की ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून ब्रेक पायाने दाबून धरायचा, दुसऱ्याने गाडीखाली पडून चाकाजवळची निपल, म्हणजे हवेची बारीक चावी, ढिली करून हवा सोडायची. धर्माजीकडे आत बसणारं माणूस म्हणजे त्याची बायको, कुरुळी गावची गवराबाई. नऊवारी सावरत ती चालकाच्या जागेवर बसायची. पाय ठेवण्याआधी ब्रेकला हात लावून तो कपाळाला लावायची. मग खालून आवाज यायचा, "धर." थोड्या वेळाने, "सोड." बाजारातले लोक हसायचे, मिस्त्रीची बायको उभ्या जागी मोटर चालवते म्हणायचे. सगळ्यात आधी मी हसलो होतो, हे कबूल करतो.

छप्पन्न सालच्या थंडीत खेडच्या घाटात माझा ब्रेक पार तळाला गेला. गाडीत दिवस भरलेली एक बाई आणि तिची आई. हातब्रेक ओढून गाडी डोंगराच्या अंगाला घासत थांबवली, तेव्हा माझ्या तोंडातून शिवीसुद्धा निघेना. दोन दिवसांत दोनदा ब्रेकचं ऑइल भरलं होतं, आणि ते कुठे जात होतं ते कळत नव्हतं.

गाडी कशीबशी शेडपर्यंत आणली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून धर्माजी गाडीखाली. चाकं काढून पाहिली, आतून कोरडी; ती परत बसवली. पुढची बाजू जॅकवर उचलून, खाली लाकडी ठोकळे लावून सगळ्या नळ्या चाचपल्या. गळती काही सापडेना. दुपारी तो पाना घ्यायला बाहेर आला. पाना त्याच्या समोर पडला होता आणि त्याचा हात वीतभर बाजूची माती थोपटत होता. मी त्याच्या डोळ्यांत नीट पाहिलं. बुबुळांवर दुधासारखी साय आली होती.

"धर्माजी, तुला दिसतंय का न्हाई?" मी म्हणालो.

त्याने माती चाचपत पाना उचलला.

"उद्या गाडी पुण्याला नेतो. माझ्या गाडीत बाळंतिणी बसत्यात, बाबा."

मी पुण्याला गेलो की बाकीच्या तीन गाड्याही जाणार आणि शेडला कुलूप लागणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तिघं म्हणजे मी, तो आणि भाकरी घेऊन आलेली गवराबाई. माझं बोलणं खरं होतं, तरी त्याची लाज मला अजून वाटते.

गवराबाई उठली. "शेवटचं एकदा दाबून बघते," म्हणाली आणि गाडीत चढली. धर्माजी पुन्हा खाली गेला.

बसताना तिने स्टेअरिंगला धरलं. पुढची चाकं अधांतरी असल्याने ती सहज वळली. तिने ब्रेक दाबला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. चाक सरळ करून पुन्हा दाबला. परत वळवून दाबला. या बाईने तीन पोरं झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून, दळता दळता वाढवली होती. पोरगं झोळीत कुशीवर वळलं तरी तिच्या पायाला कळायचं.

मी खिडकीशीच उभा होतो. तिला मला सांगता आलं असतं. पण ती वाकून खाली म्हणाली, "अवो, चाक उजवीकडं वळवून दाबू का? तुमी मगाशी म्हनला व्हता तसं."

तो असं काही म्हणाला नव्हता. सकाळपासून मी तिथेच होतो.

तो खाली सरकत पुढच्या चाकांपाशी गेला. मग आवाज आला, "दाब." आणि मग, "धर."

धर्माजी बाहेर आला तेव्हा त्याचा तळवा ओला होता. त्याने तो माझ्या नाकाशी धरला. त्या काळच्या ब्रेक ऑइलला एरंडेलाचा वास यायचा, तोच होता. पुढच्या डाव्या चाकाकडे जाणाऱ्या रबरी नळीला चीर गेली होती. चाक सरळ असलं की चीर मिटायची, वळलं की उघडायची, आणि तेव्हाच ब्रेक गवराबाईच्या पायाखाली खचायचा.

"सापडवलीस की, वस्ताद," मी म्हणालो. मला तेवढंच सुचलं.

त्याला हो म्हणता आलं असतं. "मी तसं कायबी म्हनलो न्हवतो, रंगराव," तो म्हणाला. "गळती हिच्या पायानं धरली. मला दोन वर्सं झाली, धड दिसत न्हाई."

गवराबाईने तोंडावर पदर ओढला. दोन वर्षं तिने जे झाकून ठेवलं होतं ते त्याने एका दमात उघडं केलं होतं. ती रडत होती.

"नळी मी पुण्यास्नं आनतो," मी म्हणालो. "बसवायची मातर तुमी दोघांनीच."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने गेलो, नळी घेऊन उन्हं कलायच्या आत परत आलो. त्याने ती बोटांनी चाचपत बसवली. मग धर, सोड, धर, सोड, हवेचा शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत. पहिल्या फेरीला नियमाप्रमाणे तो बसला, आणि या वेळी मी गवराबाईलाही बसवलं. उतारावर ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी उभी राहिली.

दिवेलागणीला त्यांनी शेड बंद केली. तेव्हा बायका नवऱ्याच्या चार पावलं मागून चालायच्या. धर्माजी उंबऱ्याशी थांबला, पुढची पायरी त्याला दिसत नव्हती. गवराबाई पुढे झाली आणि तिने हात मागे केला.

"धरा," ती म्हणाली.

भरल्या बाजारात त्याने तिचा हात धरला. चहाच्या दुकानातून कुणीतरी खुदकन हसलं. मी वळून पाहिल्यावर तो गप्प झाला. मी तिथेच उभा राहून त्यांना चौक ओलांडताना बघत होतो. घराच्या वळणापर्यंत दोघांपैकी कुणीही सोड म्हणालं नाही.