गरम इंजिनावर कसलेले टॅपेट

मोटारसायकल घरीच उघडायची, हा माझा हट्ट. वर्कशॉपवाले लुटतात, नाजूक कामाला ठोकाठोक करतात, वगैरे. कोणी समजवायला आलं की मी अंगावर धावून जायचो. मी सरकारी बाबू, दिल्लीतच वाढलेला. इंजिनाचं जे काय येत होतं ते बाबांकडून.

बाबा दर संक्रांतीला याच गाडीवरून पानिपतला जायचे. तिथं ‘काला अंब’ला, म्हणजे मराठ्यांच्या लढाईच्या स्मारकापाशी, तिळगूळ ठेवायचा, तिथली माती कपाळाला लावायची आणि परत फिरायचं. आधी मी मागे बसायचो, पुढे ते मागे बसू लागले. त्या वर्षी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यांची स्मृती चाललीय, जिथं न्यायचं असेल तिथं आत्ताच न्या. आणि गाडीचे टॅपेट झिजून खडखडत होते.

टॅपेट म्हणजे वॉल्व्ह उचलणारे बोटभर लोखंडी तुकडे. भोगीच्या सकाळी क्वार्टरच्या अंगणात पेपर पसरून मी जुने काढले, नवे बसवले. त्यांच्यावरच्या दांड्या अशा कसायच्या की दोन बोटांत फिरल्या पाहिजेत, पण वरखाली हलता कामा नयेत. आणि इंजिन थंड असतानाच. लहानपणी मी घाई केली की बाबांची चापट बसायची. "थंड होऊ दे आधी, गाढवा!"

तसंच केलं. मग गाडी पंधरा मिनिटं चालू ठेवली. बाबा खुर्चीत बसून कान देऊन ऐकत होते.

"अजून वाजतंय रे."

"थोडं वाजणारच, बाबा."

"का वाजावं? कस, आत्ताच कस."

"इंजिन गरम आहे."

"मग? हात भाजतोय होय साहेबांचा?"

कित्येक महिन्यांनी ते माझ्यावर असे डाफरले होते. मला इतकं बरं वाटलं की मी इंजिन बंद केलं आणि दांड्या कसल्या. पुन्हा सुरू केलं तर आवाज गायब. "अब ठीक है," बाबा म्हणाले. ज्या माणसाने जन्मभर थंड होऊ दे म्हणून मला बडवलं, तोच आज उलटं सांगतोय, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. आजार समोर खुर्चीत बसून बोलत होता आणि मी खूश होत होतो. मूर्ख कुठला!

संक्रांतीला सकाळी कडाक्याची थंडी. किक मारली तर पाय सुळकन खाली. दम म्हणून नाही इंजिनात. गरम असताना फुगलेलं इंजिन रात्रीतून आकसलं होतं, आणि घट्ट कसलेल्या दांड्या वॉल्व्ह मिटूच देत नव्हत्या. पण हे मला कळलं दुपारी. तोवर प्लग साफ कर, कार्बोरेटर खोल, किक मार.

बाबा स्वेटर-मफलर घालून, तिळगुळाचा डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसले होते. बायको म्हणाली, "अहो, बसने न्या ना त्यांना. पानिपतला बसेसचा काय दुष्काळ आहे?"

"तू मधे बोलू नकोस!"

बरोबर बोलत होती ती. बसने आम्ही जेवायच्या आधी पोचलो असतो. पण मला गाडी सुरू करून दाखवायची होती. कोणाला, देव जाणे.

दुपारी एकदाचं डोकं चाललं. दांड्या सैल केल्या आणि गाडी पहिल्या किकला सुरू झाली. बाबा तोवर मफलर काढून आत पडले होते.

"बाबा, आता निघालो तर वाटेतच अंधार होईल. उद्या जाऊ."

"उद्या संक्रांत नसते," ते म्हणाले आणि कूस बदलली.

"मग पुढच्या वर्षी नक्की." त्यांनी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. मला मात्र सगळं मिटल्यासारखं वाटलं, इतका मी निलाजरा.

पुढच्या संक्रांतीला टॅक्सी ठरवली. बाबांना स्वेटर घातला, बूट चढवले. म्हटलं, "चला बाबा, काला अंबला जायचंय."

"कशाला? तिथं काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला लागलो. पानिपत, लढाई, आपली माणसं, सगळं त्यांच्याच शब्दांत. ते मान डोलवत ऐकत राहिले, आणि माझं झाल्यावर म्हणाले, "अच्छा. तुम्ही जाऊन या."