दाजींचा केंदूरचा रंधा

लोखंडाची, धारेची, लाकडी मुठीची आणि मालकाला नकोशी झालेली अशी एकही वस्तू शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत उरली नसेल, जी आमच्या दाजींनी एकदा तरी हातात घेऊन, डोळ्यांपुढे धरून, नाक मुरडून परत जागेवर ठेवली नाही. परत ठेवणं हा त्यांच्या खरेदीचा पहिला भाग असे. मग थोडं पुढे जाऊन ते शेजारच्या बाईला लसणाचा भाव विचारत. लसूण त्यांना नको असे. बाईशी दोन शब्द बोलून झाले की काहीतरी विसरल्यासारखे मागे वळत आणि म्हणत, "आन् ती गंजकी पटाशी काय फेकून देनार का?" विकणाऱ्याला तोवर खरंच वाटायला लागलेलं असे की पटाशी फेकण्याच्याच लायकीची आहे. घरी आणून, रॉकेलात भिजवून, दगडावर घासून दाजींनी ती उन्हात धरली, की सुताराची ती साधी छिन्नी अशी काही चमके की विकणाऱ्याने पाहिली असती तर जेवला नसता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. उभी हयात दौंड स्टेशनात पार्सलं तोलण्यात गेली. घराण्यात कोणी सुतार नाही, शेजारातही नाही. त्यांच्याबरोबर निवृत्त झालेले लोक सकाळी फिरायला जाऊ लागले, नातवंडं सांभाळू लागले. दाजी जुनी हत्यारं शोधू लागले. निरोपसमारंभात मिळालेलं घड्याळ भिंतीवर टांगताना खिळा वाकडा गेला आणि मिस्त्री बोलवावा लागला, तेव्हापासून त्यांनी हा वसा घेतला, असं माझी बहीण, म्हणजे आक्का, सांगे. दाजींना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते भिंत वाकडी होती.

जुन्या स्कूटरच्या पुढच्या जागेत एक गोणपाट, डिकीत लोणच्याच्या बाटलीत तेल आणि मागच्या सीटवर मी, असा आमचा सरंजाम निघे. माझी शाळेतली नोकरी संपली होती आणि मी शिरूरच्या घरात पुस्तकं वाचत एकटा बसलेला असे, हे एक कारण. खरं कारण दाजींनी मला एकदा शिरूरच्या बाजारात सांगितलं. "पाव्हणं, तुमी काय बी बोलू नका. नुसतं उभं ऱ्हा. तुमचं तोंड बघूनच मानूस भाव पाडतंय." मी तसा उभा राही. कोणतीही करवत माझ्यापुढे आली की मी तिच्याकडे गंभीरपणे पाही, कारण तिच्यातलं मला काही कळत नसे, आणि विकणारा घाईघाईने म्हणे, "बरं, ते सर नगं म्हणत असतील तर अजून कमी करतो."

माल कुठे निघेल याचा त्यांना वास येई. पाटसला उसाच्या गाड्या लाकडी होत्या तोवर चाकं बसवणारे, जू घडवणारे सुतार होते. टायरच्या गाड्या आल्या, ट्रॅक्टर आले, आणि त्या सुतारांच्या पोरांच्या माळ्यावर लाकूड तासायचे वाकस नि भोकं पाडायची गिरमिटं धूळ खात पडली. दाजींना ते माळे तोंडपाठ होते. कारेगावात कंपन्यांतल्या कामगारांच्या खोल्या आहेत. तिथे फर्निचर करणारी परप्रांतातली माणसं राहतात. त्यांच्यातल्या एकाने दाजींचं गोणपाट बघून विजेचं यंत्र गुरगुरवत म्हटलं, "चाचा, ये सब अजायबघर में रख दो." दाजी म्हणाले, "तू रख तेरा मशीन. लाईट गया तो क्या करेगा? नाचेगा?" तेवढ्यात वीज गेली. हा योगायोग होता, पण दाजींनी स्कूटरला किक मारली ती आपणच बटण दाबल्याच्या थाटात.

एक गोष्ट मात्र ते पाळत. ज्या घरातला कारागीर नुकता गेला असेल तिथे ते पाऊल टाकत नसत. "रडनारा मानूस घासाघीस करत न्हाई," ते म्हणत, "आन् घासाघीस न करता घेतलेलं मला पचत न्हाई." बोलणं हिशेबी होतं, पण ते हिशेबी माणसाचं नव्हतं, हे त्यांच्याबरोबर फिरणाऱ्याला कळे.

दौंडच्या घरातली मागची पडवी हत्यारांनी भरली. मग दिवाणाखालची जागा गेली, मग बंद पडलेला कूलर. दसऱ्याला सगळा गाव हत्यारांना हार घालतो; आमच्या बौद्ध घरात पूजा नाही, पण दाजी त्या दिवशी सकाळी सगळी हत्यारं अंगणात मांडून एकेकाला तेल पाजत. "फुलं खाऊन धार येती व्हय?" म्हणत. जाणारे-येणारे थांबून बघत आणि विचारत, "सायेब, दुकान कधी टाकताय?"

आता एवढं सगळं सांगितल्यावर सांगायला हवं की दाजींनी आयुष्यात लाकडाची एकही वस्तू केली नव्हती. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार सुतळीने बांधलेलं होतं. ते बसवायला मिस्त्री आला की स्वतःची हत्यारं घेऊन येई, आणि दाजी त्याला आपली दाखवत, पण वापरू देत नसत. "सुताराच्या घरात दिली असती," आक्का म्हणे, "तर एखादं कपाट तरी नशिबी आलं असतं." दाजी शांतपणे म्हणत, "अजून सेट पुरा न्हाई."

सेट पुरा नव्हता तो एका रंध्यापायी. लाकूड तासून गुळगुळीत करायचा लांब रंधा त्यांच्याकडे नव्हता असं नाही, पुष्कळ होते. पण केंदूरला एक म्हातारे सुतार होते, सगळं गाव त्यांना आबा म्हणे. त्यांच्याकडे शिसवीचा, हातभर लांबीचा, त्यांच्या वडिलांनी घडवलेला रंधा होता. पकडायच्या जागी बोटांनी लाकूड झिजून खोलगट झालेलं. आबांचे हात कापायला लागल्यापासून तो खुंटीवर होता. दाजींनी तो एकदा पाहिला आणि दुसरं काही त्यांच्या डोळ्यांत भरेना. स्कूटर घेऊन ते पुनःपुन्हा केंदूरला जात. परत ठेवून झालं, लसणाचा भाव विचारून झाला, माझं तोंड दाखवून झालं. आबा नुसते हसत.

शेवटी आबांनी विचारलं, "पैसं ऱ्हाऊ द्या. तुमी काय केलंय आजवर?"

"म्हंजी?"

"म्हंजी हातानं. एक वस्तू आना करून. साधा पाट आना बसायचा. मग रंधा तुमचा."

पुढच्या महिन्याभरात पडवीतून ठाकठूक ऐकू येई, मग बोट बांधायला चिंधी मागितली जाई, असं आक्काने फोनवर सांगितलं. शेवटी एक दिवस ते शिरूरला माझ्या दारात हजर झाले. चेहरा उजळलेला. गोणपाटात पाट होता: सागवानी, जुन्या घाटाचा, कडा गोल केलेल्या, बघत राहावं असा.

"तुम्ही केलात?" मी विचारलं.

दाजी इकडेतिकडे बघून म्हणाले, "पाटसच्या भंगारवाल्याकडं गावला. मातीमोल. पॉलिश तेवढं मी केलंय." माणसाचा पिंड असा जात नाही. पाट करायचाही सवलतीतच.

मी नको म्हणत होतो, पण माझं तोंड पाहून भाव पडत असले तरी दाजींचा बेत कधी पडत नसे. आम्ही केंदूरला गेलो. आबांनी पाट हातात घेतला, पृष्ठभागावरून अंगठा फिरवला, "झ्याक केलाय," म्हणाले. दाजी माझ्याकडे पाहून मिश्या सारख्या करू लागले. मग आबांनी पाट उलटा केला. खाली दोन पायांच्या मधोमध नखाएवढी चंद्रकोर कोरलेली होती.

"लईच झ्याक," आबा म्हणाले. "मीच केल्याला हाय त्यो."

दाजींच्या मिश्यांवरचा हात तसाच राहिला. ओट्यावर आबांची सून गहू निवडत होती, तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता म्हातारा हाकलून देईल. पण आबा पाटाकडेच बघत होते. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"ह्यो रुखवतातला हाय," ते हळूच म्हणाले. "हितली पोरगी पाटसला दिली तवा केल्ता. माझ्या दोस्ताची लेक. कुटं गावला म्हनला?"

"भंगारात," दाजींच्या तोंडून खरं ते निघून गेलं.

"भंगारात? पोरगी बरी हाय नव्हं?"

रुखवतातली वस्तू बाई जिवंत असेपर्यंत घराबाहेर जाऊ देत नाही, असा आबांचा समज. तो कोणाही खेड्यातल्या माणसाचा असेल. आबांनी पाट मांडीवर घेतला तो खाली ठेवेनात. दाजी उभे राहिले. "पाव्हणं, चला," एवढंच म्हणाले. केंदूरहून पाटस म्हणजे सगळा जिल्हा आडवा तुडवायचा. वाटेत चहासुद्धा नाही. भंगारवाल्याने घर दाखवलं, आणि दारात पन्नाशीची, ठणठणीत बाई नातवाला भरवत उभी. पोरांनी नवं डायनिंग टेबल आणलं आणि तिला न विचारता जुनं सामान काढून टाकलं, एवढीच गोष्ट होती. पाटाचं नाव काढल्यावर मात्र ती आत वळून मुलाच्या नावाने असं काही ओरडली, की दाजी खूश होऊन म्हणाले, "लई बरी हाय."

त्यांनी तिथूनच आबांना फोन लावून तिच्याशी बोलणं करून दिलं. ती रडत होती आणि हसत होती. "काका, तुमी कसं हाय? माझ्या पाटावर बसा तुमी आता," म्हणत होती. फोन परत घेऊन दाजींनी कानाला लावला. पलीकडून आबा म्हणाले, "सायेब, हितं या. माझ्या डोळ्यांम्होरं करा पाट. मी शिकवतो."

त्या हिवाळ्यात दाजी केंदूरला आबांच्या ओट्यावर बसून रंधा मारायला शिकले. "रेटू नगा, पार्सल हाय का ते?" असं आबांचं ओरडणं मी पुस्तक वाचत ऐकत असे. दाजींसारखा माणूस मान खाली घालून शिव्या खातोय, हे दृश्य मी विकत घेऊनही पाहिलं असतं, आणि घासाघीस केली नसती. पाट झाला. तो डुगडुगत असे. पायांखाली कागदाची घडी घातली तर जरा कमी. आबांनी त्यावर बसून पाहिलं, पडता पडता सावरले आणि म्हणाले, "तुमचाच हाय. वळख पटली." मग खुंटीवरचा रंधा काढला.

त्यानंतर मी जे पाहिलं त्यावर आक्काने कधी विश्वास ठेवला नाही. दाजींनी नव्या रंध्याहून मोठी किंमत सांगितली. आबा म्हणाले, "येड लागलंय का? फुकाट न्या." दाजी म्हणाले, "फुकाट मला पचत न्हाई." आबा खाली ओढत होते, दाजी वर चढत होते. दोघेही तापले. शेवटी आतून सून ओरडली, "आवं, निम्म्यावर या दोघं बी! चहा गार व्हतोय."

नंतरचा दीड वर्षाचा काळ दाजींचा फार सुखाचा गेला. बाजार कमी झाला, पडवीतला आवाज वाढला. चमच्यांसाठी खोकं झालं, न बसणारी खुंटी झाली. मग एका सकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर, आबा मुलाच्या मोटारसायकलवर बसून केंदूरहून दौंडला आले. एवढ्या लांब, त्या वयात. आक्काला वाटलं ते रंधा परत मागतील, आणि ती द्यायला तयारही होती. पडवीत बाकाला शिकंज्यात एक फळी आवळलेली होती आणि तिच्यावर रंधा आडवा ठेवलेला. दाजी गेले त्या दिवसापासून कोणी तिथे हात लावला नव्हता. आबांनी रंधा उचलला. त्याच्या तोंडात लाकडाचं एक पातळ सालपट अडकलं होतं. कापऱ्या बोटांनी त्यांनी ते ओढून काढलं, उजेडात धरलं. त्याच्यातून अंगण दिसत होतं.

"ह्येच शिकवत व्हतो," आबा म्हणाले. "आलं म्हनायचं त्यास्नी."

आक्काने विचारलं, "आबा, काय करत असतील हो ते? मला काही बोलले नव्हते."

आबांनी फळीवरून तळवा फिरवला. "ठरलं नसंल अजून. एक बाजू झाली हाय." मग रंधा होता तसा परत आडवा ठेवून म्हणाले, "ह्यो हितंच ऱ्हाऊ द्या, ताई. तेल तेवढं देत जावा."

ते काम माझ्याकडे आलं आहे. शिरूरहून एसटीने मी अधूनमधून दौंडला जातो, आक्काबरोबर जेवतो, आणि पडवीत बसून सावकाश तेल लावतो. कधी कोणी हत्यारं विकायची का विचारायला येतं, तेव्हा आक्का मलाच दारात उभं करते. मी काही बोलत नाही, आणि माणूस परत जातो. फळी अजून शिकंज्यातच आहे. वरून हात फिरवला तर पाण्यावरून फिरवल्यासारखा जातो. खालून फिरवताना मात्र जपावं लागतं. तिथे अजून कुसळं आहेत.