किल्ट आणि किचनचं दार

"पायपर मागच्या दाराने," दारातली बाई हसून म्हणाली. "किचनच्या बाजूने. थँक यू, लव्ह."

माझ्या हातात वाजवायचा बॅगपाइप नव्हता. निमंत्रण होतं. त्यावर माझं नाव, खाली माझ्या वडिलांचं, आप्पांचं. यजमान न्यूझीलंडच्या टौरंगातला मोठा बागायतदार. त्याची किवी फळं दहा वर्षं माझे ट्रक बंदरावर नेतात. त्याच्या साठाव्या वाढदिवसाचं दुपारचं जेवण.

निमंत्रणात लिहिलं होतं, 'स्मार्ट, पण रिलॅक्स्ड'. करार करताना मी शब्दाशब्दावर भांडतो. इथेही फोन करून विचारलं, म्हणजे नेमकं काय? तो म्हणाला, "काहीही चांगलं." मी विचारलं, "किल्ट?"

"स्वीट ॲज, मेट." म्हणजे, एकदम चालेल.

आप्पा लष्करी बँडमध्ये पाइप वाजवायचे. मला त्यांनीच शिकवलं. इथल्या बँडमध्ये मी सहा वर्षं वाजवतोय, गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा स्कॉटिश किल्ट नेसून. पण हा किल्ट बँडचा नाही. माझा. मापाने शिवून घेतलेला. बँडचा बिल्ला लावला नाही. काळा कोट, साधा टाय, कमरेला चामड्याची साधी थैली. कुणी वाजवणारा समजू नये म्हणून एवढा विचार. चुण्यांना इस्त्री आप्पांनी केली.

आमच्या पुढे यजमानाचा मेहुणा आत गेला. किल्ट, वर रग्बीची जर्सी, पायात जँडल्स, साध्या रबरी चपला. बाईने त्याला मिठी मारली.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आप्पाच वळले. "चल रे, मागून आहे."

निवृत्त झाल्यावर ते गावातल्या लग्नांत वाजवायचे. जेवण मांडवामागे. ताट घरून न्यायचं. तिकडे जा असं त्यांना सांगावं लागत नसे. इथेही तसेच गेले. नव्या सुटात. आणि मी, ड्रायव्हरांवर दिवसभर ओरडणारा, मुकाट त्यांच्यामागे. राग आला नाही. काहीच आलं नाही. पाय चालत होते, एवढंच.

किचनमध्ये स्वयंपाक्याने आप्पांच्या हातात प्लेट दिली. कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभे राहून ते जेवू लागले. "चांगलंय," म्हणाले. "घे तूही."

यजमान आत आला. "इथे काय करताय? बरं, पाइप गाडीत असेल ना? केकच्या वेळी एक ट्यून होऊन जाऊ दे." मग माझ्याकडे खालीवर पाहून, "तुमच्याकडचं काहीतरी घालायचंस, मेट. घोटाळाच झाला नसता."

त्याच्या मते ही माफी होती.

मी आप्पांच्या हातातली प्लेट काढून घेतली. "चला." दंड धरून त्यांना हॉलमध्ये नेलं, आमच्या नावांच्या चिठ्ठ्या शोधल्या, खुर्चीवर बसवलं.

"वाजवणार नाही," यजमानाला म्हणालो. "आम्ही जेवायला आलोय."

आप्पांनी पुढे एक घासही घेतला नाही.

गाडीत म्हणाले, "पोटभर जेवत होतो मी. उगाच तमाशा केलास."

मी गाडी सुरू केली. ते माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत तरी चालेल. माझ्यासोबत असताना ते उभ्याने जेवणार नाहीत.

आणि काय घालू, हे मी यापुढे कुणाला फोन करून विचारणार नाही. किल्ट घालीन, समोरून जाईन. अडवलं तर तिथेच उभा राहीन, दार अडवून. मग ज्याला आत जायचं असेल, त्याने आधी माझ्याशी बोलावं.