पाचवा बार

हसायचं नाही, असं कबूल करत असाल तर सांगतो. जाऊ द्या, तुम्ही हसणारच! माझी बायको सुमन अजून हसते, आणि तिला तर हे सगळं तोंडपाठ आहे. तेव्हा माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका, म्हणजे मीठमसाला तरी माझ्या हातचा राहील.

मी निमगाव केतकीचा. लोक मला तात्या म्हणतात. ऊसबीस आत्ताचा, उमेदीची तीस वर्षं मी विहिरी पाडण्यात घालवली. आमच्या खडकाला सुरुंगाशिवाय पाणी सुटत नाही. भोकं पाडायची, दारू भरायची, वात पेटवायची आणि पळायचं! लांब जाऊन पालथं पडायचं आणि बार मोजायचे. आठ भरले तर आठ आवाज आलेच पाहिजेत. सात आले तर समजायचं, एक बार आत जिवंत बसलाय. मग विहिरीकडं कुणी फिरकायचं नाही. आणि हे मोजायचं काम कुणाकडं? माझ्याकडं! आमच्या टोळीत तिखट कानाचा मीच.

तर असा हा माणूस गेल्या हिवाळ्यात कॅनडात लेकीकडं, वैशालीकडं, राहायला गेला. तिचं गाव डोंगरातलं. तिथली माणसं पायाला फळ्या बांधतात आणि उतारावरून स्वतःला खाली सोडून देतात. हौसेनं बरं का! माझी सात वर्षांची नात, ईरा, तीसुद्धा. तिला उतारावर बघितलं की मी डोळेच मिटून घ्यायचो.

पण आपटलं कोण? फळ्या न बांधलेला मी! कचऱ्याची पिशवी टाकायला गेलो आणि सपाट अंगणात असा पडलो की गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन झालं, आत तार बसली. डॉक्टरीणबाई काय बोलल्या ते वैशालीनं मराठीत सांगितलं, "तात्या, आता जपायचं. पुन्हा पडलात तर हा पाय पहिल्यासारखा व्हायचा नाही."

झालं! त्या दिवसापासून मला बर्फाची धास्तीच बसली. दोन आठवडे मी पलंग ते खिडकी एवढाच प्रवास केला, तोही वॉकर धरून, सुमनला मागं उभी करून. संडासला जातानाही देवाचं नाव घ्यायचो.

एकदा रात्री जेवताना वैशाली म्हणाली, "तात्या, उद्या सकाळी मोठे आवाज होतील. घाबरू नका. वर बर्फ फार साचलाय. तो लोकांच्या अंगावर येऊ नये म्हणून सुरुंग लावून आधीच पाडणार आहेत."

मी कान टवकारले. "किती बार हायत?"

"पाच. आपला शेजारी डॅनियल आहे ना, तोच लावतो."

"पाच म्हंजी काय, पोरखेळ हाय!" मी म्हणालो आणि गोळ्या घेऊन झोपलो.

सकाळी दचकून जाग आली. कुणीतरी दार आपटलं होतं. बाहेर नुकतं उजाडत होतं. तेवढ्यात धडाम्! खिडकीच्या काचा थरथरल्या. एक, मी म्हणालो. काय सांगू, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं! मग दोन. तीन. चार.

आणि पाचवा?

पाचवा येईना. एखादी वात लांब असते, म्हणून वाट बघत पडलो. सुमन आणि वैशाली दाराशी आल्या. "अवं, आमी ईराला घसरायच्या शाळेत सोडून येतो. च्या थर्मासात हाय. उठू नगा." मी हूं म्हणालो. बायकांना कशाला घाबरवा? फुटेल की आत्ता.

अर्धा तास झाला. मी वॉकर धरून खिडकीशी गेलो. समोरच्या डोंगरावर माणसांना वर नेणारे तारेवरचे पाळणे फिरायला लागले होते. लोक वर निघाले होते. आणि खालच्या उतारावर बारक्या पोरांची रांग! त्यात ईराची पिवळी टोपी.

तुम्हाला सांगतो, पायाखालची जमीन सरकली. वर एक बार जिवंत आहे, आणि खाली माझी नात! मी वैशालीला फोन लावला. फोन स्वयंपाकघरात वाजला. बाई फोन घरीच विसरून गेली होती!

मी दाराशी गेलो. दार उघडलं. समोर बर्फ. पडलो तर पाय जातो, नाही गेलो तर पोर जाते. मी आयुष्यात एवढा कधी भ्यालो नव्हतो, अगदी पेटती वात बघूनसुद्धा नाही. मग मी वैशालीचा लाल टॉवेल ओढला, कारण आमच्याकडं बार उडवताना लाल फडकंच दाखवतात, आणि निघालो.

उतार घरापासून दोनशे पावलं. एकेक पाऊल टाकताना माझा जीव त्या वाटीत गोळा झाला होता. कसा पोचलो, ते त्या वॉकरला ठाऊक. तिथं जाऊन टॉवेल फडकवला आणि ओरडलो, "बार राहिलाय! लांब व्हा! पळा!"

मराठी कुणाला कळणार? लोक हसून हात हलवायला लागले. मग जेवढं इंग्रजी आठवलं तेवढं वापरलं. "बॉम्ब! वन बॉम्ब! नो फुटिंग!"

आता हसू थांबलं. कुणीतरी किंचाळलं. पाळणे थांबले. आणि मी काय केलं? तीस वर्षांची सवय! पाय सरळ ठेवून हळूच पालथा पडलो आणि डोकं हातात धरलं. मला बघून शेजारची बाई पालथी पडली. तिला बघून तिचा नवरा. बघता बघता रंगीबेरंगी जाकिटं घातलेली पन्नास-साठ माणसं नाक बर्फात खुपसून पडली! आमच्या कुठल्याच विहिरीवर एवढी शिस्त मी बघितली नव्हती.

कुणाची चाहूल लागली म्हणून मान वर केली, तर डॅनियल. मागनं धापा टाकत वैशाली, सुमन आणि ईरा. ईरा धडधाकट दिसली आणि मी पडल्या पडल्या रडलो. खोटं कशाला बोलू?

"तात्या, काय केलंत हे!" वैशाली ओरडली.

"एक बार राहिलाय. डॅनियलरावांना सांग. मी सोता मोजलेत, चारच झाले."

तिनं सांगितलं. डॅनियलनं पाच बोटं दाखवली. मी चार दाखवली. त्यानं पुन्हा पाच.

"त्यांना म्हणावं, तीस वर्षं मोजतोय मी! माझा एक आकडा कधी चुकला न्हाय!"

सुमन पुढं झाली. ती म्हणाली, "अवं, पयला बार झाला तवा तुमी घोरत व्हता. दचकून उठला आन माज्यावरच खेकसला, दार कोण आपटतंय म्हणून."

वैशालीनं हे इंग्रजीत सांगितलं. सांगायलाच हवं होतं का? डॅनियल आधी तोंड दाबून उभा राहिला, मग बर्फात बसकण मारून हसला. पालथी पडलेली माणसं एकेक करून उठली. त्या बाईनं नाकावरचा बर्फ पुसत माझ्याकडं जे बघितलं, ते सांगण्यासारखं नाही.

परत चालवेना. मग जखमींना नेतात त्या घसरगाडीत मला घालून, पट्ट्यांनी बांधून, अख्ख्या गावातनं घरी आणलं. ईरा पुढं टॉवेल धरून. डॉक्टरीणबाईंनी गुडघा तपासला. नशिबानं तार जागेवर होती.

निमगावला परत आल्यावर बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर मी हे मोठ्या रंगात सांगितलं. सगळे पोट धरून हसले. हसला नाही तो एकटा किसन, माझा विहिरीवरचा जुना जोडीदार. बशी तशीच हातात धरून तो माझ्याकडं बघत होता.

"तात्या," तो म्हणाला, "लोणी भापकरच्या हिरीवर तू सात मोजलं व्हतंस. एक राहिला म्हणालास."

"मग?"

"आमी धा जणं दिवसभर उन्हात बसलो. दुसऱ्या दिशी त्यो बार हुडकायला हिरीत कोण उतरलं? मी! बायकोला सांगून निघालो व्हतो, पोरांकडं बघ म्हणून. तासभर हातानं दगड उचलत व्हतो, घावला काय? न्हाय! खरं सांग, तवा बी डुलकीतच व्हतास न्हवं?"

मी त्याच्या गळ्याची शपथ घेऊन सांगितलं, की किसन्या, त्या दिवशी मी डुलकीत नव्हतो. आणि खरंच नव्हतो हो! पहिला बार झाला तेव्हा मी परसाकडं गेलो होतो.